जळालेलीं संगीतगृहें
(आकाशवाणीवर दिलेलें भाषण)



गेल्या वर्षीं चैत्र-वैशाखाच्या सुमारास आम्ही अठरा मंडळी पुण्याहून युरोपांत गेलों होतों. आमच्यांत बहुतेक पेन्शनर. तीन-चार जोडपीं, दोन डॉक्टर, एक बँकेंत काम केलेल्या बाई, एक निवृत्त इंजिनियर, आणि मुलांना इतिहास शिकविण्यांत सारा जन्म घालविलेला मी. अशा सहली हल्लीं पुष्कळ निघतात. पण आमचा बेत थोडा निराळा होता. बर्फाचे डोंगर आणि मोठालीं दुकानें यांस फांटा देऊन, संध्याकाळीं ऑपेरा किंवा वाद्यवृंदाची मैफल ऐकावयाची आणि दुसऱ्या दिवशीं, ज्या इमारतींत तें ऐकलें ती इमारत व तिच्या भोंवतालचें शहर पायीं हिंडून पाहावयाचें, असें ठरलें होतें. मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना, ड्रेस्डेन आणि बर्लिन हीं तीं पांच शहरें.

निघण्यापूर्वीं जुन्या संवयीप्रमाणें मी टांचणें काढावयास बसलों, तेव्हां एक गोष्ट ध्यानांत आली. या पांचही शहरांत जेथें जेथें आम्ही गाणें ऐकणार होतों, त्यांपैकीं व्हिएन्नामधील एक सभागृह वगळलें तर बाकीच्या सर्वांच्या इतिहासांत केव्हांना केव्हां तरी आग किंवा बाँबगोळे येऊन गेलेले होते. म्हणजे आम्ही निघालों होतों तें जुन्या वास्तु पाहावयास. पण पाहणार होतों त्या बहुतेक पुन्हां उभारलेल्या. आगीनंतर त्या त्या शहरानें काय केलें, जुनें तसेंच उठविलें कीं नवें बांधलें, याचीच हकीकत आज मी सांगणार आहें.

ऑपेऱ्याशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध अगदींच नाहीं असें नव्हे. एकोणिसाव्या शतकांत इटालियन ऑपेरा मंडळ्या मुंबईस येत असत. अशाच एका मंडळीचे पोशाख विकत घेऊन लुकासिन्हो रिबेरो या गोमंतकीय गृहस्थानें १८९२ मध्यें मुंबईंत ‘इटालियन भुरगो’ हा कोंकणी खेळ रंगभूमीवर आणला, आणि तेथूनच तियात्राची परंपरा सुरू झाली. १९११ मध्यें पंचम जॉर्ज बादशहाच्या हस्तें उघडलेलें मुंबईचें रॉयल ऑपेरा हाऊस पुढें सिनेमागृह झालें, १९९३ मध्यें बंद पडलें आणि २०१६ मध्यें डागडुजी होऊन पुन्हां सुरू झालें. शिवाय अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून, म्हणजे १८८० पासून, कथानक गाण्यांतून ऐकण्याची गोडी मराठी माणसाला लागलेलीच आहे. आमच्या मंडळींपैकीं निम्म्या लोकांस इटालियनचें एक अक्षर येत नव्हतें. पण कोण रुसली आहे आणि कोण मरावयास टेकला आहे, हें समजण्यास कोणालाहि अडचण पडली नाहीं.

मिलानच्या ‘ला स्काला’ नाट्यगृहाचा जन्मच आगींतून झाला. फेब्रुवारी १७७६ मध्यें तेथील दरबारी नाट्यगृह जळून खाक झालें. त्या वेळीं मिलान ऑस्ट्रियाच्या अंमलाखालीं होतें. जळालेल्या नाट्यगृहांत ज्या श्रीमंत घराण्यांच्या मालकीचे बॉक्स होते त्यांनीं नव्या बांधकामाच्या खर्चाचा भार उचलला, सान्ता मारिया आल्ला स्काला या चर्चच्या जागेवर ज्युझेप्पे पिएरमारिनी या स्थापत्यविशारदानें इमारत उभारली, आणि ३ ऑगस्ट १७७८ रोजीं पडदा वर गेला.

खर्च बॉक्सवाल्यांनीं दिला हें कळलें म्हणजे इमारतीचा आकारहि कळतो. घोड्याच्या नालासारखें वळण घेतलेलें सभागृह, एकावर एक रचलेले बॉक्सचे मजले, आणि सर्वांत वर गरिबांची गॅलरी. कडेच्या बॉक्समधून रंगमंच नीटसा दिसत नाहीं. समोरचा बॉक्स मात्र स्वच्छ दिसतो. ही चूक नव्हे. त्या काळच्या उमरावांना एकमेकांना पाहावयाचें असे. ते तेथें जेवत, पत्ते कुटीत, सोयरिकी जमवीत, आणि आवडतें पद आलें कीं तेवढ्यापुरता कान देत. ‘वन्स मोअर’चा रोग आपल्याकडेच होता असें समजूं नये. अर्तुरो तोस्कानिनी या जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालकानें खेळ चालू असतां सभागृहांत अंधार करण्याची आणि पदें परत परत न म्हणण्याची शिस्त ला स्कालाला लावली. त्यावरूनच १९०३ मध्यें प्रेक्षकांशीं खटका उडून तो तेथून निघून गेला होता. पुढें तो परतला खरा. परंतु फॅसिस्टांचें गीत वाजविण्यास नकार दिल्याबद्दल १९३१ मध्यें बोलोन्या शहरीं त्याला मारहाण झाली, आणि नंतर त्यानें देशच सोडला.

ऑगस्ट १९४३ मधील हवाई हल्ल्यांत ला स्कालाचें छप्पर आणि आंतला बराचसा भाग कोसळला. घरांना छपरें नाहींत, अन्नाची टंचाई, अशा शहरानें युद्ध संपल्यावर एका वर्षांत हें नाट्यगृह होतें तसें उभें केलें. ११ मे १९४६ रोजीं एकोणऐंशी वर्षांचा तोस्कानिनी अमेरिकेहून येऊन तेथें पहिली मैफल चालविण्यास उभा राहिला. वंशद्वेषाच्या कायद्यांमुळें १९३८ मध्यें काढून टाकलेल्या ज्यू गायकवृंद-शिक्षकास परत घ्यावें, असा त्याचा आग्रह होता, आणि तो मान्य झाला. आंत जागा न मिळालेल्या लोकांनीं चौकांत कर्ण्यावर ती मैफल ऐकली.

ही कथा मी बसमध्यें मोठ्या उत्साहानें सांगितली, तेव्हां आमचे इंजिनियरसाहेब म्हणाले, “मास्तर, हें सगळें खरें, पण मग आपण काल जें पाहिलें तें १९४६ चें घर. त्याला १७७८ चें म्हणणें ही फसवणूक आहे. नक्कल ती नक्कल.” मला उत्तर सुचलें नाहीं. खरें सांगावयाचें तर त्या वेळीं माझेंहि मत तेंच होतें. अस्सल कागद आणि मागून केलेली नक्कल यांतला भेद मी मुलांना जन्मभर शिकवीत आलों होतों.

मिलानहून व्हेनिसला आगगाडीनें अडीच तासांत जातां येतें. ऑपेरा जन्मला फ्लॉरेन्सच्या आसपास, राजवाड्यांत. पण जो तिकिटाचे पैसे देईल त्यानें आंत यावें, असें पहिलें सार्वजनिक ऑपेरागृह व्हेनिसमध्यें १६३७ सालीं उघडलें. आम्ही गेलों तें ‘ला फेनीचे’ मात्र १७९२ चें. फेनीचे म्हणजे फीनिक्स, स्वतःच्या राखेंतून पुन्हां उठणारा कल्पित पक्षी. आधींचें नाट्यगृह आगीनें आणि मागून कोर्टकज्जांनीं गमावलेल्या मंडळीनें तें नांव मोठ्या अभिमानानें ठेविलें. नांवानें जणूं पिच्छाच पुरविला. डिसेंबर १८३६ मध्यें तें जळालें आणि वर्षभरांत उठलें. या दुसऱ्या घरांत व्हेर्दीचा ‘रिगोलेत्तो’ १८५१ मध्यें गाजला आणि ‘ला त्राव्हियाता’ १८५३ मध्यें पहिल्या रात्रीं पार पडला. म्हणजे कोसळला, आज जगांत सर्वांत अधिक होणाऱ्या ऑपेऱ्यांत त्याची गणना आहे!

२९ जानेवारी १९९६ च्या रात्रीं तें पुन्हां जळालें. ही आग लावलेली होती. दुरुस्तीचें काम घेतलेल्या दोघां वीजतंत्र्यांस काम लांबल्याबद्दल दंड भरावा लागणार होता. तो चुकविण्यासाठीं त्यांनीं आग लाविली असें न्यायालयांत शाबीत होऊन त्यांस शिक्षा झाली. पाण्यावर वसलेल्या शहरांत आगीला पाणी मिळूं नये, असा दैवाचा खेळ पाहा. गाळ काढण्याकरितां नाट्यगृहालगतचे कालवे नेमके त्या वेळीं कोरडे केले होते, आणि बंबाच्या होड्या जवळ येऊं शकेनात. हेलिकॉप्टरनें वरून पाणी ओतून शेजारचीं घरें वांचविलीं. सकाळीं नुसत्या भिंती उरल्या.

अशीं घरें इतक्या वेळां कां जळतात याचें कारण फार सोपें आहे. आंतील बॉक्स, तक्तपोशी, जमीन सारें लांकडाचें. रंगमंचावर रंगविलेलें कापड आणि दोऱ्या. आणि पूर्वीं उजेड मेणबत्त्यांचा, तेलाच्या दिव्यांचा, मागून गॅसचा. बरें, लांकूड काढून दगड घालावा तर आवाज कर्कश घुमतो. सतारीचा भोपळा पितळेचा करून कसें चालेल?

व्हेनिसनें दुसऱ्याच दिवसापासून एक वाक्य धरलें: ‘जसें होतें तसें, जेथें होतें तेथें.’ सेंट मार्कच्या चौकांतील उंच मनोरा १९०२ मध्यें ढांसळला आणि १९१२ मध्यें हुबेहूब पुन्हां उभा राहिला, त्या वेळचें हें ब्रीद. पण तसें म्हणजे कसें? नकाशे होते, मोजमापें होतीं. पण सोनेरी नक्षीचा उठाव, रंगाची छटा हीं नकाशांत येत नाहींत. छायाचित्रें जमविलीं गेलीं. व्हिस्कोन्ती या दिग्दर्शकाच्या ‘सेन्सो’ या १९५४ च्या चित्रपटाचा आरंभ याच नाट्यगृहांत चित्रित झालेला होता. त्या चित्रपटाचीं दृश्यें कारागिरांनीं पुन्हां पुन्हां न्याहाळलीं. मध्यंतरीं ठेक्यावरून कोर्टबाजी झाली, आराखडा करणारा आल्दो रोस्सी १९९७ मध्यें वारला, आणि अखेर १४ डिसेंबर २००३ रोजीं दारें उघडलीं.

आम्ही तेथें ‘ला त्राव्हियाता’च ऐकला. मध्यंतरांत मी बॉक्सच्या कठड्यावरील सोनेरी पानें पाहत होतों. तीं जुन्या पानांहून थोडीं अधिक चकाकत असावींत. आणि एकाएकीं मला आमच्या शाळेचें दालन आठवलें.

हें थोडें विषयांतर होईल, पण सांगतों. ज्या शाळेंत मी नोकरी केली ती पूर्वीं एका जुन्या वाड्यांत भरत असे. तिचें मोठें दालन सागवानी खांबांचें आणि तक्तपोशीचें होतें. स्नेहसंमेलनांत दहा वर्षांचा पोरगा तेथें नाट्यगीत म्हणूं लागला कीं कर्ण्यावांचून शेवटच्या ओळीपर्यंत शब्द न् शब्द पोंचे. पुढें मुलें वाढलीं, वाडा पाडून सिमेंटची तीन मजली इमारत बांधावी असें ठरलें. त्या कमिटींत शिक्षकांच्या वतीनें मी होतों आणि ठरावाखालीं माझी सही आहे. इमारत हवीच होती, याबद्दल आजहि माझ्या मनांत शंका नाहीं. पण पाडण्यापूर्वीं त्या दालनाचें एक माप कोणी घेतलें नाहीं, एक छायाचित्र काढलें नाहीं. इतिहासाचा शिक्षक मी. मलाहि सुचलें नाहीं. नव्या सभागृहांत लाउडस्पीकर लावूनहि मागच्या मुलांस प्रार्थना नीट ऐकूं येत नाहीं.

व्हेनिसहून रात्रीच्या गाडीनें आम्ही व्हिएन्नास उतरलों. १८५७ मध्यें बादशहाच्या हुकुमानें शहराचा तट पाडून तेथें रिंगस्ट्रासे हा रुंद रस्ता झाला, आणि त्यावरील पहिल्या मोठ्या इमारतींपैकीं एक म्हणजे तेथील ऑपेरागृह. त्याच्या दोघां स्थापत्यविशारदांची कथा करुण आहे. बांधकाम सुरू झाल्यावर रस्त्याची पातळी सुमारें एक मीटर वाढविण्यांत आली, आणि इमारत खचल्यासारखी दिसूं लागली. लोकांनीं टवाळी आरंभिली, ‘बुडालेली पेटी’ म्हणून. त्यांतील फान डेर न्यूल यानें एप्रिल १८६८ मध्यें आत्महत्या केली. सहकारी सिकार्ड्सबुर्ग अडीच महिन्यांच्या आंत वारला. २५ मे १८६९ रोजीं मोझार्टच्या ‘दोन जोव्हान्नी’नें गृहप्रवेश झाला तो पाहावयास दोघांपैकीं कोणीहि नव्हता. आज तीच इमारत पाहून कोणाला ती बुडालेली वाटत नाहीं. आम्हीं मुद्दाम चारही बाजूंनीं फिरून पाहिलें.

१८८१ च्या डिसेंबरांत याच शहरांतील रिंगथिएटर या दुसऱ्या एका नाट्यगृहास गॅसच्या दिव्यांमुळें आग लागून तीनशेंहून अधिक माणसें मेलीं. या भयंकर प्रसंगानंतर रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामध्यें लोखंडी पडदा असण्याबद्दलचे नियम कडक होत गेले. चर्चिलसाहेबांनीं १९४६ मध्यें युरोपाच्या फाळणीला ‘लोखंडी पडदा’ म्हटलें, तो शब्द असा नाट्यगृहांतला आहे.

१२ मार्च १९४५ रोजीं ऑपेरागृहावर बाँब पडले. दर्शनी भाग आणि मुख्य जिना वांचला. सभागृह व रंगमंच गेला, शंभराहून अधिक खेळांचे पोशाख आणि देखावे जळाले. दहा वर्षें कंपनी दुसऱ्या नाट्यगृहांत खेळ करीत राहिली. शहर चार विजेत्या राष्ट्रांच्या ताब्यांत होतें. व्हिएन्नाकरांनीं मधला मार्ग घेतला: बाहेरून जुनें ठेविलें, वांचलेला जिना जपला, आणि आंत मजल्यांची ठेवण पूर्वींचीच ठेवून सजावट साधी, नव्या काळाची केली. परकी सैन्यें १९५५ च्या ऑक्टोबरांत गेलीं आणि ५ नोव्हेंबरला बेथोव्हेनच्या ‘फिदेलिओ’नें दारें उघडलीं. तुरुंगांत टाकलेल्या पतीस सोडविणाऱ्या स्त्रीची ही कथा. याच शहरांत १८०५ मध्यें तिचा पहिला प्रयोग झाला तेव्हांहि शहर परक्यांच्याच, म्हणजे नेपोलियनच्या फ्रेंचांच्या, ताब्यांत होतें.

आम्हांला तेथें उभ्यानें ऐकण्याचीं स्वस्त तिकिटें मिळालीं. कठड्याला गळपट्टा बांधला कीं जागा आपली, असा तेथला रिवाज. आमच्या एका बाईंनीं पदराचा रुमाल बांधला. तोहि सर्वांनीं मानला. गुडघे मात्र दोन दिवस बोलत होते.

दुसऱ्या संध्याकाळीं मुझिकफेराइनचें सोनेरी सभागृह. आमच्या यादींतलें न जळालेलें तें हेंच. १८७० मध्यें थिओफिल हान्सेन यानें बांधलें तेव्हां सभागृहांतील ध्वनीचें शास्त्र नुसतें जन्मलेंहि नव्हतें. सुमारें ४९ मीटर लांब, १९ मीटर रुंद आणि १८ मीटर उंच, अशी ही जोड्याच्या खोक्यासारखी पेटी. जमिनीखालीं पोकळी, वरचें छत टांगलेलें, सगळीकडे लांकूड आणि नक्षी. तेथें सारंगीच्या जातीचीं वाद्यें वाजूं लागलीं तेव्हां नाद समोरून येतो कीं पाठीमागून, हेंच कळेना. इंजिनियरसाहेब चकार शब्द बोलले नाहींत.

व्हिएन्नाहून प्रागवरून ड्रेस्डेनला जातांना पूर्वींचा तो राजकीय लोखंडी पडदा आम्ही केव्हां ओलांडला, हें गाडींत समजलेंहि नाहीं. ड्रेस्डेनचें ऑपेरागृह गॉटफ्रीड झेंपर याचें. पहिलें १८४१ चें. त्यांत वाग्नेरचे तीन ऑपेरे प्रथम झाले. १८४९ च्या बंडांत झेंपर आणि वाग्नेर दोघेहि सामील होते आणि दोघांनाहि पळून जावें लागलें. १८६९ मध्यें तें घर जळाल्यावर लोकांनीं त्याच झेंपरकडून नवा आराखडा मागविला. देखरेख त्याच्या मुलानें केली आणि १८७८ मध्यें तें उघडलें. १९११ मध्यें रिखार्ड स्ट्राउसचा ‘रोझेनकाव्हालियर’ तेथें प्रथम झाला तेव्हां बर्लिनहून खास आगगाड्या सोडल्या होत्या. म्हणजे आमच्यासारख्या सहली कांहीं नव्या नव्हेत.

१३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्रीं ड्रेस्डेन जळालें. त्यानंतर तीस वर्षांवर ऑपेरागृहाचा सांगाडा तसाच होता. पूर्व जर्मनीच्या सरकारनें १९७७ मध्यें कोनशिला बसविली आणि बरोबर चाळीस वर्षांनीं, १३ फेब्रुवारी १९८५ रोजीं, वेबरच्या ‘फ्रायश्युत्स’नें तें उघडलें. १९४४ मध्यें युद्धामुळें नाट्यगृह बंद पडलें त्यापूर्वींचा शेवटचा खेळहि तोच होता.

तेथें वाटाड्या बाईंनीं आम्हांला एका संगमरवरी खांबावर हात ठेवावयास सांगितलें. संगमरवर हाताला गार लागतो. हा लागला नाहीं. तो गिलावा होता, घोटून संगमरवरासारखा केलेला. भिंतीवरचें शिसवी काम म्हणून जें दिसत होतें तेंहि रंगविलेला गिलावाच. काटकसर म्हणून झेंपरनेंच तें तसें केलें होतें. आणि १९८५ च्या कारागिरांनीं ती विसरलेली विद्या पुन्हां शिकून नक्कलेची नक्कल बिनचूक उतरविली. इंजिनियरसाहेबांनीं खांबावर पुन्हां एकदां हात ठेविला आणि म्हणाले, “मास्तर, आतां यांत अस्सल कशाला म्हणावयाचें?” मीं म्हटलें, “त्या हाताच्या कामाला.” त्यांना तें पटलें कीं नाहीं कोण जाणे.

जवळच फ्राउएनकिर्खे हें चर्च आहे. हल्ल्यानंतर दोन दिवसांनीं त्याचा दगडी घुमट कोसळला, आणि ढिगारा जवळजवळ अर्धें शतक तसाच ठेविला होता. २००५ मध्यें तें पुरें झालें. सांपडलेले जुने दगड शक्य तेथें मूळच्या जागीं बसविले आहेत. ते काळे, नवे पिवळसर, त्यामुळें जुनें किती आणि नवें किती हें कोणालाहि दुरून वाचतां येतें. घुमटावरचा सोनेरी क्रूस लंडनच्या एका सोनारानें घडविला. त्याचे वडील ड्रेस्डेनवर बाँब टाकावयास गेलेल्या वैमानिकांत होते.

बर्लिनबद्दल थोडेंच सांगतों. तेथील जुनें फिलहार्मोनी सभागृह जानेवारी १९४४ मध्यें नष्ट झालें. त्यांनीं तें पुन्हां बांधलें नाहीं. हान्स शारून यानें निराळ्याच जागीं, निराळ्याच आकाराचें सभागृह बांधलें. १९६३ मध्यें तें उघडलें तेव्हां बर्लिनची भिंत हांकेच्या अंतरावर होती. कोठें गाणें चाललें असलें कीं माणसें आपोआप भोंवतीं कोंडाळें करतात, या साध्या अनुभवावरून त्यानें वादकांना मध्यें बसविलें आणि श्रोत्यांना चहूंकडे, डोंगर-उतारावरच्या मळ्यांसारख्या चढत्या टप्प्यांवर. आपल्या देवळाच्या सभामंडपांत कीर्तनाला लोक बसतात तसेंच. भिंत खुली झाली त्यानंतर तिसऱ्या दिवशीं, १२ नोव्हेंबर १९८९ ला, पूर्वेकडून आलेल्या लोकांसाठीं याच सभागृहांत फुकट मैफल झाली.

मैफलीनंतर बाहेर बांकावर बसलों असतां इंजिनियरसाहेब म्हणाले, “तुमचें तें शाळेचें दालन. माप द्या, मी नकाशा काढून देतों. खांब किती होते?” मी लगेच सांगितलें, “सोळा.” रात्रीं हॉटेलांत कागदावर मांडून पाहिलें तर दारें आणि खांब यांचा मेळ बसेना. चौदा असावेत. उत्तरेच्या भिंतीला तीन खिडक्या होत्या कीं चार, हेंहि आतां निश्चित सांगवत नाहीं.

आमच्या शाळेचे कोणी जुने विद्यार्थी आज हें ऐकत असतील, आणि त्यांच्यापाशीं स्नेहसंमेलनाचें एखादें छायाचित्र असेल, ज्यांत मुलांच्या मागें दालन दिसतें आहे, तर तें त्यांनीं आकाशवाणीच्या पत्त्यावर पाठवावें. नक्कल करून घेऊन मी तें परत पाठवीन.